परक्या जगापासून आपल्या पृथ्वीपर्यंत

१९७९ साली जर्मनीत तत्त्वज्ञानाचा एक भारदस्त ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि, अशा ग्रंथांच्या वाट्याला सहसा विद्यापीठांच्या कपाटांतला जो दीर्घ एकांतवास येतो तो याच्या वाट्याला न येता, राजकारणी, वैद्य, अभियंते, धर्मोपदेशक आणि अणुवीजकेंद्रांविरुद्ध रस्त्यावर उतरणारे तरुण अशा नाना प्रकारच्या वाचकांच्या हाती तो पडला. 'उत्तरदायित्वाचे तत्त्व' असे ज्याचे नाव मराठीत सांगता येईल त्या या ग्रंथाचे कर्ते हान्स योनास हे तेव्हा पंचाहत्तरी गाठून पुढे गेलेले, न्यूयॉर्कच्या 'न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च' या संस्थेतून निवृत्त झालेले, जन्माने जर्मन ज्यू असे गृहस्थ होते. कित्येक वर्षे इंग्रजीत ग्रंथरचना केल्यावर हा ग्रंथ त्यांनी मुद्दाम मातृभाषेत लिहिला आणि त्याचे कारणही प्रस्तावनेत आडपडदा न ठेवता नमूद केले: परभाषेत लिहायला दुप्पट-तिप्पट काळ लागतो, आणि विषयाची निकड व स्वतःचे वय या दोहोंचा विचार करता तेवढी सवड आता उरलेली नाही.

विद्वज्जनांना योनास तोवर ठाऊक होते ते निराळ्याच कारणासाठी. ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेल्या आणि सनातन चर्चने पाखंडी म्हणून मोडून काढलेल्या ग्नॉस्टिक पंथांचे ते नामांकित भाष्यकार होते. मधल्या काळात त्यांनी जीवसृष्टीचे तत्त्वज्ञान मांडणारा एक ग्रंथ लिहिला होता आणि रुग्णांवरील प्रयोग व मृत्यूची वैद्यकीय व्याख्या या प्रश्नांवरही लेखणी चालवली होती. लुप्त झालेला धर्म, अमीबाचे जीवन आणि यंत्रयुगातील नीती या तीन विषयांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणालाही वाटावे. परंतु त्यांचे ग्रंथ कालक्रमाने वाचीत गेले म्हणजे ध्यानात येते की आयुष्यभर हा माणूस एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत होता. माणूस या सृष्टीत परका आहे की इथलाच, आणि इथलाच असेल तर तो तिचे काय देणे लागतो, हा तो प्रश्न.

योनास यांचा जन्म १० मे १९०३ रोजी ऱ्हाइनलंडमधील म्योन्शेनग्लाडबाख या कापडधंद्याच्या गावी झाला. वडील कापडाचे कारखानदार होते. तरुण वयातच त्यांना ज्यूंच्या राष्ट्रीय चळवळीची ओढ लागली आणि तत्त्वज्ञानाचीही. फ्रायबुर्गला हुसेर्ल व हायडेगर यांच्या, तर बर्लिनला ज्यू धर्मविद्येच्या पाठशाळेत त्यांनी धडे घेतले आणि अखेर हायडेगरच्या पाठोपाठ मारबुर्गला येऊन १९२८ मध्ये डॉक्टरची पदवी मिळवली. मारबुर्गमध्ये त्यांना दोन माणसे जन्माची जोडली गेली: सहाध्यायी हॅना आरेन्ट आणि 'नव्या करारा'चे थोर अभ्यासक रूडोल्फ बुल्टमान. ग्नॉस्टिकांचा विषय त्यांनी हाती घेतला तो बुल्टमान यांच्याच अभ्यासवर्गात.

१९३३ साल उजाडले आणि हिटलरच्या हाती राज्याची सूत्रे गेली. ज्या गुरूच्या चिंतनाने हा शिष्य भारावून गेला होता तो हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलप्रमुख झाला व नाझी पक्षात दाखल झाला. योनास यांनी त्याच वर्षी देश सोडला. सोडताना त्यांनी प्रतिज्ञा केली की या भूमीवर पुन्हा पाऊल टाकीन ते जिंकणाऱ्या सैन्यातला शिपाई म्हणूनच. पुढच्या वर्षी, ज्या देशातून त्यांना परागंदा व्हावे लागले होते त्याच देशात, बुल्टमान यांच्या प्रस्तावनेसह, त्यांच्या ग्नॉस्टिकांवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला.

आता हे ग्नॉस्टिक म्हणजे कोण, हे जरा सविस्तर पाहिले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील मुलखात, ईजिप्त, सीरिया, मेसोपोटेमिया या प्रांतांत, अनेक पंथ उदयास आले. कोणी ख्रिस्ताचे नाव घेई, कोणी घेत नसे. अलेक्झांड्रियाहून रोमला आलेला व्हॅलेंटायनस, इ. स. १४४ मध्ये रोमच्या धर्मसंघाशी फारकत घेणारा मार्सियन, बाबिलोनियात २१६ साली जन्मलेला व पुढे सिंधूच्या प्रदेशापर्यंत प्रवास करून गेलेला मानी, यांच्या मतांत परस्परभेद पुष्कळ होते. तरीही योनास यांना त्या सर्वांच्या मुळाशी जगाकडे पाहण्याची एकच वृत्ती दिसली. खरा परमेश्वर या विश्वाच्या पलीकडे आहे आणि या विश्वाला तो सर्वस्वी परका आहे. विश्व त्याने निर्माण केलेलेच नाही. ते घडवले एका कनिष्ठ, अज्ञ आणि अहंकारी शक्तीने, जी स्वतःलाच सर्वश्रेष्ठ समजते. पृथ्वीभोवती ग्रहांची सात मंडले आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकावर एकेक अंमलदार पहारा देत बसलेला आहे. माणसाचे शरीर या सत्ताधीशांनी घडवले, त्याच्या वासना-विकारांची वस्त्रे त्यांनीच त्याच्यावर चढवली. परंतु या सगळ्याच्या आत त्या परक्या परमेश्वराच्या तेजाची एक ठिणगी अडकून पडली आहे. ती निद्रित आहे, आपले मूळ गाव विसरली आहे. पलीकडून हाक येते, ती ऐकून ठिणगीला स्वरूपाचे ज्ञान होते, आणि मृत्यूनंतर एकेका मंडलाच्या चौकीवर खुणेचा शब्द सांगत, तिथे मिळालेले वस्त्र तिथेच टाकून देत, ती स्वस्थानी परतते.

या कल्पनेचे सर्वांत मनोहर रूप 'थॉमसची कृत्ये' या तिसऱ्या शतकातील सिरियाक ग्रंथात अंतर्भूत असलेल्या एका गीतात आढळते. ख्रिस्तशिष्य थॉमसच्या हिंदुस्थानातील प्रवासाची कथा या ग्रंथात आहे. नाण्यांवरून इतिहासाला ज्ञात असलेला गोंडोफेरिस राजा तीत एक पात्र म्हणून येतो, आणि हे गीत थॉमस हिंदुस्थानातल्याच एका राजाच्या बंदिशाळेत गातो अशी तिथे योजना आहे. पूर्वेकडच्या एका राजाचा पुत्र, आपले तेजोवस्त्र घरी ठेवून, सर्पाच्या पहाऱ्यात असलेला एक मोती आणण्यासाठी ईजिप्तमध्ये जातो. लोकांना संशय येऊ नये म्हणून त्यांचाच वेष घेतो, त्यांचे अन्न खातो, आणि त्या अन्नाच्या गुंगीत आपण कोण व कशासाठी आलो हेच विसरून त्यांच्या राजाची चाकरी करू लागतो. घरून पत्र येते. ते गरुड होऊन येते आणि जवळ येताच वाणी होऊन बोलू लागते. राजपुत्र जागा होतो, मोती हस्तगत करतो, मलिन वेष टाकून देतो आणि परतीच्या वाटेवर त्याचे जुने वस्त्र त्याला सामोरे येते. योनास यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात या गीतासाठी स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे, आणि ते वाचताना कळते की परकेपणाची वेदना या संशोधकाला केवळ ग्रंथांतूनच परिचित होती असे नाही.

मराठी वाचकाला येथे मायावादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण ते साम्य फार ताणू नये. अद्वैत वेदान्तात जग मिथ्या आहे, दुष्ट नाही. ज्ञानोत्तर त्याच जगात ब्रह्मच पाहावयाचे असते. ग्नॉस्टिकाला जग पुरेपूर खरे वाटते आणि तेच त्याचे दुःख आहे, कारण तुरुंगाच्या भिंती खऱ्याच असतात. ग्रीकांची गोष्ट तर याहूनही उलट होती. तारकांच्या नियमबद्ध गतीत त्यांना विश्वाची बुद्धिमत्ता आणि सौंदर्य दिसे, आणि माणसाने त्या सुव्यवस्थेचे अनुकरण करावे असे त्यांचे तत्त्ववेत्ते सांगत. ग्नॉस्टिकांनी ही सुव्यवस्था नाकारली नाही. तीत त्यांना तुरुंगाधिकाऱ्याची शिस्त दिसली एवढेच. प्लोटायनससारख्या शांतवृत्तीच्या तत्त्वज्ञालाही त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र प्रकरण लिहावेसे वाटले ते यामुळेच.

या जगद्द्वेषाचा नीतीवर काय परिणाम झाला, इकडे योनास यांनी विशेष लक्ष वेधले. जग आपले नाही आणि त्याचे कायदे शत्रूचे आहेत असे एकदा ठरले, की दोन वाटा उघडतात: एक म्हणजे जगाचा स्पर्शही नको म्हणून उग्र वैराग्य, आणि दुसरी म्हणजे शत्रूच्या कायद्याची मुर्वत कशाला म्हणून स्वैराचार. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या वाटा निघतात एकाच ठिकाणाहून. दोहोंतही पृथ्वीवरच्या व्यवहाराविषयी, शेजाऱ्याविषयी, पुढल्या पिढीविषयी कर्तव्य उरत नाही. ज्या घरात आपण कैदी आहोत त्याची डागडुजी कोण करील?

योनास यांनी हा अभ्यास केला तेव्हा साधने तुटपुंजी होती. आयरेनियससारख्या धर्माचार्यांनी खंडनार्थ दिलेली अवतरणे, दक्षिण इराकमधल्या मंदाई लोकांचे ग्रंथ, मध्य आशियात तुर्फानच्या वाळूत सापडलेली मानीपंथीयांची हस्तलिखिते, एवढाच ऐवज हाताशी होता. डिसेंबर १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना एका रांजणात कॉप्टिक भाषेतल्या तेरा पोथ्या सापडल्या आणि ग्नॉस्टिकांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकण्याची सोय झाली. पुढे काही संशोधकांनी, १९९६ मध्ये मायकेल विल्यम्स यांनी तर स्पष्टच, असे मत मांडले की इतक्या विविध पंथांना एकाच नावाखाली गोळा करणे युक्त नव्हे. हा आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने वजनदार आहे. परंतु योनास यांनी जी वृत्ती टिपली ती खरोखरच अस्तित्वात होती, याला त्याने बाध येत नाही.

पुढे योनास यांना स्वतःच्याच यशाविषयी शंका येऊ लागली. हायडेगरच्या विचारातली परिभाषा, म्हणजे जगात फेकला गेलेला माणूस, त्याची भीती, त्याचे बेघरपण, वापरून ग्नॉस्टिकांचे कोडे इतक्या सहज उलगडले ते का? ती परिभाषा सर्व काळच्या माणसांना लागू पडते म्हणून, असे तरुणपणी त्यांना वाटले होते. आता त्यांच्या लक्षात आले की किल्ली या कुलपाला बसली ती दोहोंची घडण एकच असल्यामुळे; आणि मग त्यांनी उलटा प्रयोग केला, ग्नॉस्टिकांच्या आधारे आधुनिक अस्तित्ववादाचे कुलूप उघडून पाहिले. १९५२ सालच्या निबंधात त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की आधुनिक माणसाचा शून्यवाद ग्नॉस्टिकांच्या शून्यवादापेक्षाही खोल आहे. ग्नॉस्टिकाचे जग निदान त्याचा शत्रू तरी होते. वैर हाही एक संबंधच असतो, आणि पलीकडे खरे घर असल्याची त्याला खात्री होती. न्यूटनोत्तर विज्ञानाने रेखाटलेली सृष्टी माणसाची शत्रूही नाही आणि मित्रही नाही. तिला त्याची दखलच नाही. मूल्ये, हेतू, चांगले-वाईट हे सारे माणसाच्या मनातले; बाहेर केवळ द्रव्य आणि गती. आणि पलीकडे तर काहीच नाही.

या निष्कर्षापर्यंत पोचण्यापूर्वी त्यांच्या आयुष्यात युद्ध येऊन गेले होते. १९३५ मध्ये पॅलेस्टाइनला गेलेले योनास १९४० पासून ब्रिटिश सैन्यात होते. १९४४ मध्ये उभारलेल्या ज्यू ब्रिगेडमधून ते इटलीत लढले आणि १९४५ मध्ये प्रतिज्ञेप्रमाणे विजयी सैनिकाच्या गणवेशात जर्मनीत परतले. म्योन्शेनग्लाडबाखला त्यांना कळले की आपल्या आईचा ऑशविट्झच्या छळछावणीत अंत झाला. मारबुर्गला ते बुल्टमान यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बगलेत प्रकाशकाने बुल्टमान यांच्यासाठीच दिलेले एक पुस्तक होते. एवढे युद्ध, एवढा संहार उलटून गेल्यावर दारात उभ्या राहिलेल्या शिष्याला पाहून वृद्ध गुरूंनी त्या पुडक्याकडे बोट दाखवून उत्सुकतेने विचारले, की हा ग्नॉस्टिकांवरील ग्रंथाचा दुसरा भाग आहे, अशी आशा करू का? मनात धुमसणाऱ्या संतापाला त्या प्रश्नाने प्रथमच थोडा विराम मिळाला, असे योनास यांनी पुढे सांगितले आहे. तो दुसरा भाग यायला मात्र १९५४ साल उजाडावे लागले, कारण मधल्या काळात त्यांचे चित्त दुसरीकडे गुंतले होते.

ते गुंतले होते जिवंत देहात. आघाडीवर ग्रंथ नव्हते, मरण रोज समोर होते. अशा स्थितीत पत्नी लोरे यांना लिहिलेल्या पत्रांतून योनास यांनी सजीव म्हणजे काय या प्रश्नाची उकल करायला आरंभ केला. हायडेगरचा माणूस चिंता करतो, मरणाला सामोरा जातो, पण त्याला भूक लागत नाही, ही उणीव त्यांना रणांगणावर जाणवली. या चिंतनाचे फळ म्हणजे १९६६ चा 'जीवनाचे स्वरूप' या आशयाच्या नावाचा ग्रंथ. त्याचा गाभा चयापचयाच्या एका साध्या निरीक्षणात आहे. दगड दगड राहतो, कारण त्याच्यात काही बदलत नाही. अमीबा अमीबा राहतो तो मात्र त्याच्यातले सर्व काही बदलत राहते म्हणून. बाहेरचे द्रव्य आत घेणे, वापरणे आणि टाकून देणे हा व्यवहार क्षणभर थांबला की तो अमीबा राहत नाही, नुसते द्रव्य उरते. द्रव्यापासून स्वतंत्र असे रूप आणि त्याच द्रव्यावाचून क्षणभरही न चालणारी गरज, अशी ही स्वातंत्र्य व पारतंत्र्याची जोडगोळी. ज्याला गरज आहे त्याला बाहेरचे जग आहे, ज्याला नष्ट होण्याची भीती आहे त्याला स्वतःचे असे काही हित आहे; म्हणजे मूल्याचा उगम माणसाच्या बुद्धीत नसून जीवनाच्या पहिल्या पेशीतच झालेला आहे. पुढे वनस्पती, हालचाल व संवेदना असलेले प्राणी, आणि अखेर प्रतिमा घडवणारा माणूस या पायऱ्यांनी हे स्वातंत्र्य वाढत जाते, आणि त्याबरोबर धोकाही वाढतो.

डार्विनच्या सिद्धान्ताचा योनास यांनी येथे केलेला उपयोग लक्षणीय आहे. माणूस पशूंचाच वंशज ठरल्याने त्याची प्रतिष्ठा गेली, असा आक्रोश एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाला. योनास म्हणतात, नाते दोन्ही बाजूंनी जोडले जाते: माणूस जर पशूंचा आप्त असेल तर पशूही माणसाचे आप्त आहेत, आणि जे अंतरंग आपण स्वतःत अनुभवतो त्याचा अंश त्यांच्यातही मानणे प्राप्त आहे. देकार्तने शरीराला यंत्र व मनाला परका प्रवासी ठरवून जी फाळणी केली होती, आणि जिच्यात योनास यांना जुन्या ग्नॉस्टिक द्वैताचा वारसा दिसत होता, ती अशा रीतीने रद्दबातल होते.

सृष्टीत मूल्य आहे आणि आपण तिच्यातले आहोत, एवढे सिद्ध झाल्यावर १९७९ च्या ग्रंथाची वाट मोकळी झाली. या ग्रंथाचा आरंभ सोफोक्लीझच्या 'अँटिगनी' नाटकातील माणसाच्या पराक्रमाचे वर्णन करणाऱ्या वृंदगीताच्या विवेचनाने होतो. माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पक्षी पकडतो, नगरे वसवतो. तथापि प्राचीनांच्या दृष्टीने हे सारे अफाट निसर्गाच्या अंगावरचे ओरखडे होते. निसर्ग आपली काळजी घेण्यास समर्थ होता. म्हणून नीतीचा अंमल नगराच्या तटाच्या आत, समकालीन माणसा-माणसांतल्या व्यवहारापुरता चाले. यंत्रविद्येने ही मर्यादा पुसून टाकली. आता कर्माची फळे शतकांनंतर आणि खंडापलीकडे प्रकट होतात, ती साचत जातात, परत फिरवता येत नाहीत. आणि आपण काय करू शकतो याचे ज्ञान आपल्या हातून काय होईल याच्या ज्ञानाला फार मागे टाकून गेले आहे. त्यामुळे तत्त्वज्ञ कांट यांच्या निरपेक्ष नैतिक आज्ञेत योनास एक भर घालतात. तिचा आशय असा, की पृथ्वीवर खऱ्या अर्थाने मानवी असे जीवन पुढेही चालू राहण्याला आपल्या कृतीच्या परिणामांनी बाध येऊ नये. माणसाने स्वतःच्या प्राणांची बाजी लावणे क्षम्य असेल. मानवजातीच्या अस्तित्वाची बाजी लावण्याचा अखत्यार कोणालाही नाही.

यावर तर्कशास्त्री विचारील की जे जन्मलेच नाहीत त्यांचा हक्क कसला, आणि ज्यांच्याकडून कधी परतफेड व्हायची नाही त्यांच्याशी करार कसला? योनास यांचे उत्तर असे, की उत्तरदायित्वाचा मूळ नमुना करारात शोधूच नये; तो तान्ह्या मुलात शोधावा. नुकतेच जन्मलेले मूल समोर आहे, ते श्वास घेते आहे, आणि कोणी काही केले नाही तर थोड्या वेळात ते मरणार आहे. त्याने काही मागितलेले नाही, काही दिलेले नाही, देण्याचे वचनही दिलेले नाही. तरी त्याच्या नुसत्या असण्यानेच पाहणाऱ्यावर कर्तव्य येऊन पडते. जो पाहील आणि ज्याच्या हाती शक्ती असेल तो बांधला गेला. या नमुन्यावरून योनास पुढे राज्यकर्त्याकडे जातात: आईबापांचे आणि राज्यकर्त्याचे उत्तरदायित्व या दोहोंत साम्य असे, की ते एखाद्या कामापुरते किंवा मुदतीपुरते नसते, ते संपूर्ण जीवनाला आणि भविष्यकाळाला व्यापून राहते.

पुढचे पाऊल अधिक वादग्रस्त आहे. भविष्य अज्ञात असल्यामुळे, ज्या गोष्टीला मुकण्याची भीती वाटते तिच्यावरून तिचे मोल ओळखावे, आणि एखाद्या मोठ्या उपक्रमाविषयी शुभ व अशुभ अशी दोन्ही भाकिते संभवत असतील तर अशुभाला अधिक वजन द्यावे, असा नियम ते घालून देतात. ग्रंथाचे शीर्षकच मुळी एर्न्स्ट ब्लॉख या मार्क्सवादी तत्त्वज्ञाच्या 'आशेचे तत्त्व' या महाग्रंथाला दिलेले प्रत्युत्तर आहे. भीती येथे भित्र्याची नव्हे. ती अभ्यासाने कमावायची, दूरच्या आणि न जन्मलेल्या लोकांसाठी वाटणारी भीती आहे.

हा नियम नुसत्या उपदेशापुरता नव्हता, हे वैद्यकाच्या एका प्रकरणावरून दिसते. १९६८ मध्ये हार्वर्डच्या एका समितीने असे सुचवले, की मेंदूचे कार्य कायमचे बंद पडलेल्या बेशुद्ध माणसाला, कृत्रिम श्वासयंत्राने त्याचे हृदय चालू असले तरी, मृत मानावे. योनास यांनी तत्काळ लिहिले की अशा माणसाचे यंत्र बंद करून त्याला शांतपणे मरू देण्यास आपला विरोध नाही. विरोध आहे तो मरणाची व्याख्या अलीकडे ओढून, श्वास चालू असलेल्या देहाला उपयोगाचे भांडार ठरवण्याला. जीवन आणि मरण यांमधली रेषा नेमकी कोठे आहे हे आपल्याला ठाऊक नसताना संशयाचा फायदा रोग्याला मिळाला पाहिजे. आणि नवी व्याख्या करणाऱ्यांना अवयवांची गरज आहे ही गोष्ट व्याख्येविषयी सावध होण्यास पुरेशी आहे. या वादात जग त्यांच्या बाजूने गेले नाही. आपल्याकडेही १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत तो प्रथम अंमलात आला आणि त्यायोगे मिळालेल्या अवयवांनी कित्येकांचे प्राण वाचले आहेत. परंतु या कायद्यात मृत्यूचा दाखला देणाऱ्या वैद्यमंडळात प्रत्यारोपण करणाऱ्या वैद्याला स्थान नसावे अशी जी खबरदारी आहे, तिच्या मुळाशी योनास यांनी बोलून दाखवलेलीच शंका आहे.

१९८४ मध्ये ट्युबिंगेन येथे दिलेल्या व्याख्यानात ते धर्माच्या प्रश्नाकडे परतले. ऑशविट्झनंतर सर्वशक्तिमान व दयाळू अशा परमेश्वराचे काय करायचे? योनास यांनी एक पुराणकथा रचली: जग निर्माण करताना परमेश्वराने आपले सर्व सामर्थ्य सोडून दिले, स्वतःला सृष्टीच्या हवाली केले, आणि आता त्याचे भवितव्य माणसाच्या कर्मांवर अवलंबून आहे. तरुणपणी अभ्यासलेल्या ग्नॉस्टिक कथेची ही बरोबर उलटी बाजू म्हणता येईल. तेथे परमेश्वर जगाबाहेर राहून माणसाला सोडवायला येतो. येथे परमेश्वरच जगात उतरला आहे आणि सोडवणूक माणसाने करायची आहे.

योनास यांच्यावर आक्षेप पुष्कळ आले आणि काही चुकवता येण्यासारखे नाहीत. अमीबा जगू पाहतो, एवढ्यावरून माणसाने जगलेच पाहिजे हे कसे सिद्ध होते? वस्तुस्थिती आणि कर्तव्य यांमधली दरी त्यांनी बुजवली असे म्हणता येत नाही. फार तर तिच्यावर एक आदरणीय श्रद्धा अंथरली आहे. दुसरे, लोकशाहीला दूरचे भविष्य दिसत नाही या हताशेपोटी त्यांनी सद्हेतूने चालवलेल्या एकतंत्री कारभाराचे लाभ मोजून पाहिले. ज्याची आई एकतंत्री राजवटीने मारली त्याने हे लिहावे, याचा विषाद वाटतो. तिसरे, भीतीला दिलेले हे अग्रस्थान ज्याच्या घरात दिवा आहे त्याला परवडते. रासायनिक खत, धरण, लस यांच्यावाचून राहिलेल्या मुलखात न करण्यालाही परिणाम असतात आणि तेही परत फिरवता येत नाहीत.

असे असूनही त्यांच्या विचाराची छाप पुढल्या काळावर उमटलेली दिसते. १९८७ मध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाचे शांतता पारितोषिक त्यांना देण्यात आले. १९९२ च्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यात सावधगिरीचे तत्त्व आले, १९९४ मध्ये जर्मनीच्या राज्यघटनेत भावी पिढ्यांविषयीच्या उत्तरदायित्वाचे कलम समाविष्ट झाले, आणि १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणाच्या खटल्यात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. याचे सारे श्रेय एकट्या योनास यांच्या पदरी घालणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु जी गोष्ट कायदेपंडित कलमांत मांडीत होते तिला तात्त्विक आधार देण्याचे काम त्यांनी आधीच करून ठेवले होते. ५ फेब्रुवारी १९९३ रोजी, इटलीत एक पारितोषिक स्वीकारून परतल्यावर थोड्याच दिवसांनी, न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथे त्यांचे निधन झाले.

आज देहाचे ओझे टाकून बुद्धी यंत्रात साठवण्याच्या आणि पृथ्वी वापरून झाल्यावर दुसऱ्या ग्रहावर वस्ती करण्याच्या ज्या योजना गंभीरपणे मांडल्या जातात, त्यांत योनास यांनी आपल्या जुन्या पंथीयांचा आवाज निश्चित ओळखला असता. त्यांचे म्हणणे सर्वच्या सर्व पटले नाही तरी एक कसोटी त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. निसर्ग अल्प अल्प पावलांनी प्रयोग करतो आणि त्यामुळे पुष्कळ चुका पचवू शकतो. माणसाची यंत्रविद्या झेपा घेते आणि चुकीची भरपाई करण्यास वेळ ठेवीत नाही. म्हणून कोणतीही मोठी योजना पुढे आली की तिचा लाभ किती हे विचारण्याआधी, फसली तर ती मागे घेता येईल काय, हे विचारावे. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यावर न टाकता योजना आणणाऱ्यावर टाकावी. भविष्यातील माणसे आपली कैफियत घेऊन आज कोणत्याही दरबारात उभी राहू शकत नाहीत, तेव्हा एवढा प्रश्न त्यांच्या वतीने विचारणे हे आपले काम आहे.